आबांचा आवाज सांभाळणारा लॅपटॉप

मी एक जुना लॅपटॉप आहे. माझ्या बिजागऱ्या सैल झाल्या आहेत आणि चार्जर काढला की मी लगेच मान टाकतो. पण मित्रांनो, सोनगीरजवळच्या एका घरात माझेही दिवस होते.

धुळ्याच्या दुकानातून मला दिपमालाने आणले. ती प्रोग्रॅम लिहिते. घरी नेटचा भरवसा नसे, म्हणून सगळे काम माझ्यातच राही. थोडे काही जमले की ती कमिट करी. कमिट म्हणजे काम त्या क्षणी जसे असेल तसे जपून ठेवणे. सोबत एक ओळही लिही: 'बटण मोठे केले', 'पाण्याचे चित्र जोडले'. धुळ्याचा तिचा मित्र नीलेश हसे, "अगं, त्याला दम तरी खाऊ दे!" मला मात्र ते लाड वाटत.

त्या वर्षी तिच्या वडिलांच्या, भिकनआबांच्या, घशाचे ऑपरेशन ठरले. नंतर आवाज राहणार नव्हता. दिपमालाने मला आबांपुढे ठेवून रोजची वाक्ये बोलून घेतली. "माले पानी दे." "दिपूनी माय, च्या ठेव." हे ऐकून तिची आई ताईबाई खुदकन हसली. ते हसूही माझ्यात उतरले. दर वाक्यानंतर एक कमिट.

ऑपरेशननंतर आबा तिने मोबाइलवर चढवलेल्या प्रोग्रॅममधले चित्र दाबत आणि घरात त्यांचाच आवाज उमटे.

एका दुपारी आवाजांमागची खरखर घालवायला दिपमालाने सगळे आवाज एकदम बदलले आणि मोबाइलवरही चढवले. आबांनी पाण्याचे चित्र दाबले. नुसती शिट्टी वाजली. पुन्हा दाबले. मग मोबाइल पालथा ठेवून ते भिंतीकडे तोंड करून बसले.

"बठ्ठं गयं का वं, पोरी?" सगळेच गेले की काय, या धास्तीने ताईबाईने विचारले.

"थांब माय, शोधस."

एकेक कमिट उघडत ती मागे गेली आणि माझ्या फाटक्या स्पीकरमधून, खरखरीसकट, आबा बोलले, "दिपूनी माय, च्या ठेव." मागोमाग ते हसूही आले. आबांनी वळून पाहिले. ताईबाई डोळे पुसत स्वयंपाकाच्या ओट्याकडे गेली.

या सगळ्याची प्रत नेटवरून दुसरीकडेही ठेवायला दिपमाला मला घेऊन तडक धुळ्याला नीलेशकडे निघाली. नीलेश म्हणाला, "दुसरीकडे पाठवायच्या आधी सगळ्या कमिटचा मिळून एकच कमिट कर. नीटनेटकं दिसेल."

"बटणांचे करते एकत्र," ती म्हणाली. "आबांच्या आवाजाचे सुटेच राहू देत."

तसेच करून तिने सगळ्याची एक प्रत दूरच्या यंत्रावर पाठवली.

आता ती नव्या लॅपटॉपवर काम करते. परवा पारोळ्याच्या मंजुळाबाई त्याच्यापुढे बसल्या होत्या. त्यांचेही ऑपरेशन आहे. बोलायला सांगितले तर त्या लाजल्या, आणि मग नातवंडांची नावे घेत सुटल्या. मी कपाटावरून ऐकत होतो.

मित्रांनो, माझ्यासारख्यावरची धूळ थोडी पुसत जा. काम थोडे थोडे जपत जा, पण एकट्या माझ्यावर विसंबू नका. मी आज आहे, उद्या सुरू होईनच असे नाही.