आज पुन्हा छाटणी

मी मागच्या अंगणातली द्राक्षाची वेल. धीर करून बोलतेय, कारण सकाळी दाराची कडी वाजली की माझ्या जिवाचं पाणी पाणी होतं.

मला लावलं ते या घरातल्या आईंनी. त्या शिवणकाम करायच्या. एका गिऱ्हाईक बाईंनी परसातली वीतभर काडी दिली, ती त्यांनी मातीत खोचली. मी रुजले, मांडवावर चढले. दर वर्षी पानं गळली की आई कात्री घेऊन यायच्या. प्रत्येक काडीवर दोन डोळे राखायचे, बाकीचं कापायचं. त्या डोळ्यांतूनच नवी फूट येते, घड लागतात. "दुखतंय का गं? झालंच हं," असं म्हणत त्या कापायच्या. त्यांच्या हाताची मला कधी भीती वाटली नाही.

यंदाही छाटणी झाली. दुसऱ्या दिवशी आई पुन्हा कात्री घेऊन हजर.

"अहो आई, कालच केलीत की!" सून स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडली.

"काल? काल मी अंगणात पाऊलसुद्धा टाकलं नाही. बघ, कशी माजलीय!"

दोन डोळ्यांतला एक गेला. त्याच्या पुढच्या दिवशी एका फांदीवर एकही उरला नाही. आईंना कालचं आठवेनासं झालंय, हे घराला ठाऊक होतं. मला तेव्हा कळलं.

मुलाने कात्री कपाटावर लपवली. आईंनी घर डोक्यावर घेतलं. "माझ्याच घरात माझी कात्री चोरली!" म्हणून जेवल्या नाहीत. मग भाजीची सुरी घेऊन आल्या आणि बोट कापून घेतलं. रक्त बघून मुलगा भडकला, "वेलच उपटून टाकतो. कटकट मिटेल!"

माझी मुळं गार पडली.

"अहो, थांबा जरा," सून म्हणाली. "वेल गेली तर आई कात्री घेऊन कुठे जातील? पडद्यांकडे?"

त्याला हसू फुटलं आणि हसता हसताच डोळे भरून आले.

संध्याकाळी सुनेने कोपऱ्यातल्या ढिगातून छाटलेल्या लांब काड्या आणल्या आणि सुतळीने मांडवाच्या तारेला बांधू लागली. मला वाटलं, हिचंही डोकं फिरलं! सकाळी आईंना कात्री परत मिळाली. समोर लोंबणाऱ्या काड्या त्यांनी एकेक करून छाटल्या, दोन-दोन डोळे राखून. "झालं बाई यंदाचं," म्हणाल्या आणि पोटभर जेवल्या. तेव्हापासून रोज हेच. काड्या संपल्या की मुलगा ओशाळत शेजाऱ्यांकडून मागून आणतो.

आज मात्र कात्री सुतळीच्या पलीकडे सरकली आणि माझ्या खऱ्या काडीवर मिटली. नुकतंच मुळांतून वर चढू लागलेलं पाणी कापातून आलं, आईंच्या मनगटावर टपकलं. त्या थबकल्या. शेजारचा फुगलेला डोळा त्यांनी बोटाने चाचपला.

"अगंबाई, ही जागी झालीय," त्या सुनेला म्हणाल्या. "आता कात्री लावायची नाही हिला. फूट येईल."

सुनेने मान डोलावली आणि त्यांचं मनगट पदराने पुसलं.

आज आईंनी ओळखलं. उद्या ओळखतील का, कोण सांगणार? माझे कोंब आता कुठे डोकावतायत, आणि ते फार कोवळे आहेत. म्हणून सूनबाई, विनवते तुला, आजही अंधार पडायच्या आत काड्या बांध. कंटाळू नकोस.

आणि कात्री त्यांच्याच हाती राहू दे.