लिफ्टच्या टपावरून

नव्या प्रयोगशाळेत रुजू व्हायला मी रविवारी दुसऱ्या शहरात जाणार होते, आणि तो बरोबर येणार की नाही, हे त्याने अजून सांगितलं नव्हतं. विचारलं की नुसता हसायचा आणि काहीतरी दुरुस्त करायला घ्यायचा. माझ्या बॅगेची मोडकी चाकं त्याने बदलली, चेन सरळ केली, तुटलेला पट्टा शिवून आणला.

ताईच्या मते त्यातच सगळं आलं. पुरुष बोलत नाहीत, करतात. भावोजींनी तिला आजवर प्रेमाचा शब्द ऐकवला नव्हता, पण घरातला एक नळ गळू दिला नव्हता. मी म्हटलं, चाकांवरून दोन निष्कर्ष निघतात: मीही येतो, किंवा सुखाने जा. त्यावर ती म्हणाली, तुझं ते सूक्ष्मदर्शक घरी तरी बाजूला ठेवत जा.

शुक्रवारी माझ्या जुन्या प्रयोगशाळेच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली; लिफ्ट दुरुस्त करणं हेच त्याचं काम, त्यामुळे तोच आला. टेबलावरचं सामान खोक्यात भरून मी जिन्याने उतरत होते. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडं होतं, पुढे अडसर लावलेला, आणि तो आत लिफ्टच्या टपावर उभा. त्याचे कामातले जोडीदार, ज्यांना सगळे मामा म्हणत, वर मोटारीपाशी होते.

"मामा, खाली घ्या, हळू."

"खाली घेतो, हळू," वरून आवाज आला. मगच लिफ्ट हलली.

"थांबा."

"थांबलो."

माझ्यासमोर चहा घेऊन तासभर गप्प बसणारा हा माणूस इथे बारीकसारीक गोष्टही बोलून दाखवत होता. मामांना काम ठाऊक असताना प्रत्येक वेळी परत म्हणायचं कशाला, असं मी विचारलं.

"ठाऊक असेल असं धरून चाललं की माणूस चिरडतो," तो म्हणाला. "सांगायचं, समोरच्याने परत म्हणायचं, मगच हलायचं."

"मग मला का धरून चालायला लावतोस?"

त्याने हात पुसले. पुसलेले परत पुसले. त्याच्या वतीने उत्तर देण्याचा मोह मी आवरला.

"मी येतोय तुझ्याबरोबर," अखेर तो म्हणाला. आणि मग, सवयीने, कामाच्या मोठ्या आवाजात: "प्रेम आहे माझं."



"येतोय तुझ्याबरोबर. प्रेम आहे माझं," मामांनी वरून खणखणीत म्हटलं. "यात लिफ्ट कुठे न्यायची?"

जिन्यातले लोक हसत सुटले. त्याचे कान लाल झाले.

"मामा, ते तुम्हाला नव्हतं," तो म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "तू म्हण."

बैठकीत माझा आवाज शेजारच्या खुर्चीपर्यंतही पोचत नाही. मी खोकं खाली ठेवलं आणि मामांनाही ऐकू जाईल असं म्हटलं, "तू येतोयस माझ्याबरोबर. प्रेम आहे तुझं. माझंही आहे."

"तुझंही आहे," तो म्हणाला, आणि दोन मजल्यांवरून टाळ्या पडत असताना मान ताठ ठेवून उभा राहिला.