निम्मं आटलेलं पाणी

खण्ण.

रस्त्यावरून ट्रक गेला की फळी हादरते आणि माझं झाकण असं वाजतं. भर दुपारी घर चिडीचूप असतं, त्यामुळे आवाज मोठा वाटतो. पण मान वर करून कोणी बघत नाही. मित्रांनो, मी एक जुनी किटली आहे. सगळ्यात वरच्या फळीवर, एका तडकलेल्या बरणीशेजारी माझी जागा आहे. बरणी काही बोलत नाही.

स्टीलच्या पत्र्याला ठोकून, वाकवून, घासून मला घडवलं. मुंगी जन्मली त्याच आठवड्यात मी या घरात आले. मुंगी म्हणजे इथली मुलगी. तिचं खरं नाव फक्त शाळेच्या वहीवर असतं.

घरात पाणी नदीचं. दिसायला नितळ, चवीला गोड. पण मुंगीच्या आईचा धाकटा भाऊ लहानपणी दूषित पाण्याच्या तापाने गेला होता. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. त्यामुळे उकळी आली तरी ती गॅस बंद करायची नाही. माझ्या पोटात तिने खिळ्याने एक रेघ ओढली होती. पाणी निम्मं आटून रेघेवर आलं, की मगच ते मुंगीला मिळायचं. जितकं आटेल तितकं शुद्ध, असा तिचा हिशोब.

"पाणी शिजलं का? मीठ घालू?" मुंगीचे बाबा चिडवायचे.

"हसा. पोरगी आजारी पडली की बघू कोण हसतं ते."

शेजारच्या काकू म्हणायच्या, "तुझी किटली म्हणजे अर्धा डॉक्टरच आहे गं." हे ऐकून मला कोण अभिमान वाटायचा!

मुंगी सहा वर्षांची झाली आणि तिचं पोट दुखू लागलं. चेहरा फिका पडला. जिना चढताना ती मध्येच पायरीवर बसायची. काल गिरवलेलं अक्षर आज आठवेना, म्हणून रडायची. आई तिला आणखी एक पेला भरून द्यायची. "संपव बाळा, चांगलं पाणी आहे ते." ओतत मीच होते.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. त्यात शिसं निघालं.

मग घरातल्या रंगापासून खेळण्यांपर्यंत सगळ्यांवर संशय आला. माझ्यावरही. पाणी तपासणाऱ्या एक बाई आल्या. त्यांनी माझ्या तळाचा पांढरा थर खरवडून बाटलीत भरून नेला, नदीच्या पाण्याचा नमुनाही नेला. आठवड्याने परत आल्या आणि म्हणाल्या, "किटली चांगली आहे, ताई. नदीच्या वरच्या अंगाला जुन्या बॅटऱ्या फोडतात. तिथलं शिसं पाण्यात उतरतंय."

"पण मी तर उकळत होते ना. निम्मं होईपर्यंत."

बाईंनी माझ्यातल्या रेघेवर बोट ठेवलं. "उकळून जंतू मरतात. शिसं मरत नाही. पाण्याची वाफ होते, शिसं मागेच राहतं. निम्मं आटवलं, की उरलेल्या पाण्यात ते दुप्पट."

आई भिंतीला टेकून खाली बसली.

आता तपासलेलं पाणी टाकीतून येतं. डॉक्टर म्हणाले, रक्तातलं शिसं हळूहळू कमी होईल. विसरलेलं सगळं परत येईल, असं मात्र सांगता येत नाही. आईने मला फेकलं नाही. पुसून इथे ठेवलं आणि त्यानंतर माझ्याकडे पाहिलं नाही.

मित्रांनो, पाणी उकळून प्या, ते खोटं नाही. पण नितळ दिसतं म्हणून त्यावर विश्वास टाकू नका. ते तपासून घ्यायला मोठ्यांना सांगा. नदीत कोण काय सोडतं, ते विचारा. माझ्यासारख्या किटलीला तेवढं कळत नाही. आम्ही फक्त उकळतो.

काल आई भाजी चिरत होती. मुंगीने स्टुलावर चढून मला खाली घेतलं, मांडीवर ठेवलं आणि बराच वेळ माझ्यात डोकावून पाहिलं. मग म्हणाली,

"आई, म्हणजे चांगलं पाणी उडून जायचं, आणि उरलेलं तू मला द्यायचीस का गं?"