रानमिरीच्या शीटवरचं नाव

पौर्णिमाच्या पोटात दुखत होतं, आणि त्याला औषध नव्हतं. वाशीमच्या कॉलेजात वाळवून कागदावर चिकटवलेल्या वनस्पतींचं एक कपाट होतं. त्यात रानमिरीची शीट लागली होती, आणि तिच्या चिठ्ठीवर नाव होतं रत्नमालाचं.

आंबोलीच्या सहलीत ती वेल आधी दिसली पौर्णिमाला. ती बोट दाखवत राहिली, आणि रत्नमाला ओढणी कमरेला खोचून झाडावर चढली. वनस्पतीशास्त्र शिकवणाऱ्या वैजयंती मॅडमचा नियम सरळ होता, जिनं आधी तोडलं तिचं नाव. आपल्या कोरड्या माळावर रानमिरी कुठली उगवायला, त्यामुळे कॉलेजातली ती पहिलीच शीट. पुढं पन्नास वर्षं पोरं कपाट उघडतील आणि आसेगावच्या रत्नमालाचं नाव वाचतील. पौर्णिमाही आसेगावचीच, दोन घरं सोडून राहणारी. आईनं ऐकवलंच, "रत्नाचं नाव लागलं म्हंतात. तू काय करून राह्यली होती?"

तेव्हापासून ती त्या शीटमध्ये खोट शोधू लागली. म्हणायला जिवाची मैत्रीण, पण खोट सापडल्याशिवाय तिला घास गोड लागेना. एका दुपारी तिनं भिंग लावलं आणि खोट सापडली. एका फांदीला नराचे बारीक, लांब तुरे होते आणि दुसरीला वाळून काळे पडलेले दाणे. या रानमिरीत नर वेल निराळी, मादी वेल निराळी. इथं दोन्ही एकच वेल म्हणून एकाच नंबराखाली चिकटवल्या होत्या.

"मॅडम, ही शीट चुकली," ती सगळ्या वर्गासमोर म्हणाली. "रत्नानं दोन वेली एक केल्या." म्हणताना तिला फार बरं वाटलं.

मॅडमनी भिंगातून पाहिलं. "बरोबर हाय तुहं. रत्ना, तुही डायरी आन."

जंगलात जे तोडाल ते तिथंच डायरीत उतरवायचं, ही मॅडमची शिस्त. रत्नमालाच्या डायरीत लिहिलं होतं, 'नंबर पाच. तुऱ्यांची फांदी मी तोडली. दाण्यांची पौर्णिमानं आणून दिली.'

पौर्णिमाला आठवलं. रत्ना झाडावर असताना तिच्या मनात आलं होतं, आपलाही हात लागला तर चिठ्ठीवर नाव दोघींचं लागेल. म्हणून तिनं शेजारून एक फांदी ओढली आणि घाईघाईत रत्नाच्या कागदात सरकवली. "एकच वेल हाय वं," असंही म्हणाली. वेल कुठं जाते ते पाहिलं नाही, उचलली जीभ लावली टाळ्याला.

"तून सांगतलं, मंग मी मानलं," रत्नमाला म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच पौर्णिमाला जास्त झोंबलं.

शीटवरची जुनी चिठ्ठी कुणी फाडत नाही, चुकीशेजारी नवी चिठ्ठी लावतात. मॅडमनी कोरी चिठ्ठी पौर्णिमापुढं सरकवली. तिनं लिहिलं, 'दाण्यांची फांदी दुसऱ्या वेलीची. तोडणारी, पौर्णिमा.'

रत्नमालानं डिंक लावून चिठ्ठी अंगठ्यानं दाबून धरली. "घे, आलं तुहं बी नाव," ती म्हणाली.

शीट कपाटात गेली. आता पन्नास वर्षं पोरं तेही वाचतील.