बोळ आखडण्याचं काम

खाडीवाहतूक कार्यालयातला बोळ वाढत होता, आणि गावात कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. नवा नियम निघाला की जेवणाच्या सुट्टीत भिंती किंचित कुरकुरायच्या, आणि सुट्टी संपेपर्यंत बोळात एक टेबल, एक पंखा आणि एक माणूस वाढलेला असायचा. बाहेरून इमारत होती तेवढीच होती. होडीची परवानगी मागायला आत गेलेली माणसं पूर्वी संध्याकाळी परत यायची. मग आठवड्याने येऊ लागली. मग त्यांच्या घरचे आत डबे पोचवू लागले. मध्यंतरी आत एक लग्नही लागलं. शेजारच्या बँकेने बँडच्या आवाजाबद्दल तक्रार केली, एवढंच.

शेवटी सरकारने ठरवलं की बोळ आखडायचा. आत जे चालतं ते लोकांना दिसलं पाहिजे, आणि विचारलं तर उत्तर मिळालं पाहिजे. हे काम कुमुद तोरसकर यांच्याकडे आलं.

त्यांच्या आधीच्या दोन साहेबांनी बोळाच्या तोंडाशी खुर्ची टाकून आत निरोप पाठवले होते. ते निरोप अजून आतच होते. कुमुदताईंनी खुर्ची मागितलीच नाही. त्यांनी कापडी बूट घातले, पदर कमरेला खोचला आणि सरळ आत चालू लागल्या. याआधी त्यांनी एका शहराची मंडई मार्गाला लावली होती. या बाईंना नाही म्हणणं जड जातं, असं खात्यात बोललं जाई. त्यांना स्वतःलाही त्यात काही शंका नव्हती.

पहिल्याच वळणावर एक म्हातारी बाई स्टोव्हवर चहा करत बसली होती. तिच्यामागे भिंतीला टेकवून एक अख्खी होडी उभी होती.

"अर्ज घेऊन आलात काय?" म्हातारीने विचारलं.

"नाही. मी बोळ आखडायला आले."

"मग बसा. चहा घ्या. वेळ लागंल."

ती हसीना मुकादम होती. खाडीपलीकडच्या वेळणे गावाची. तिचा नवरा तर चालवायचा, म्हणजे माणसांना होडीतून या तीरावरून त्या तीरावर न्यायचा. तो गेल्यावर तिने नवी होडी बांधून घेतली आणि परवानगी मागितली. होडी दाखवायला आणा म्हणाले, म्हणून ती होडीच आत घेऊन आली. तेव्हापासून ती आत होती. वेळण्याला ना शाळा, ना दवाखाना. दोन्ही या तीरावर. रस्त्याने यायचं तर डोंगराला वळसा.

"माझी सून पोटुशी आहे," हसीना म्हणाली. "दिवस भरत आलेत. वळसा घालून येताना वाटेत काय झालं तर? मागं मोठ्या सुनेचं झालं तसं."

मोठ्या सुनेचं काय झालं ते तिने सांगितलं नाही आणि कुमुदताईंनी विचारलं नाही. त्यांनी कप खाली ठेवला. "होडी उचला," त्या म्हणाल्या. बोळात राहणारी चार माणसं पुढे आली आणि त्यांनी होडी खांद्यावर घेतली.

पहिलं टेबल केळुसकरांचं होतं.

"तुम्ही सही कशासाठी करता?" कुमुदताईंनी उभ्याउभ्या विचारलं.

"होडीला भोक आहे का बघतो," केळुसकर म्हणाले. "असलं तर करत नाही."

"का?"

"माणसं बुडतील ना."

"बघा मग."

केळुसकरांनी होडीच्या तळाखाली जाऊन फळी न् फळी बोटांनी ठोकून पाहिली आणि सही केली. त्यांचं टेबल जागचं हललं नाही.

दुसरं टेबल बर्व्यांचं. केळुसकरांची सही ही केळुसकरांचीच आहे, अशी सही बर्वे करत.

"कशासाठी?"

बर्वे विचार करू लागले. विचार करता करता त्यांचं कपाळ काचेसारखं झालं. मग गाल, मग मान. थोड्या वेळाने त्यांच्या छातीतून मागचं कॅलेंडर वाचता येऊ लागलं, आणि सकाळी त्यांनी खाल्लेले पोहे स्वच्छ दिसू लागले. बांबूच्या काड्यांचा पडदा गुंडाळावा तसा आवाज झाला, टेबल मिटलं आणि बोळ तेवढा आखडला. समोरची भिंत दोन पावलं जवळ आली.

"बरं वाटतंय ना?" कुमुदताईंनी विचारलं.

"हलकं वाटतंय," बर्वे म्हणाले. त्यांनी आपला डबा उचलला आणि ते होडीच्या मागे चालू लागले.

मग काम भराभर होत गेलं. कुमुदताई विचारायच्या, उत्तर नसलेला माणूस पारदर्शक व्हायचा, टेबल मिटायचं. बोळातल्या बिऱ्हाडांनी स्टोव्ह आणि अंथरुणं काखोटीला मारली. मागे पारदर्शक माणसांची रांग वाढत होती. त्यांच्यातून पलीकडचं सगळं दिसत असल्यामुळे बोळ पहिल्यांदाच उजळ वाटत होता. हसीना सगळ्यांच्या पुढे होती. तिच्या चालण्यात आता घाई आली होती.

एका टेबलापाशी मात्र अडलं. तिथले सामंत म्हणाले, "देशाच्या सुरक्षेसाठी सही करतो." तसं म्हणताच पुढची भिंत सर्रकन लांब गेली. हसीनाचा हात होडीवरून सुटला.

कुमुदताईंचा आवाज चढला नाही. "पुन्हा विचारते. कशासाठी?"

सामंत बराच वेळ पेनाचं टोपण काढत आणि लावत राहिले. "माझ्या आधीचे करायचे," ते शेवटी म्हणाले. भिंत परत आली. सामंतांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते पाणी तेवढं सगळ्यांना दिसत राहिलं.

मग उपासनीबाईंचं टेबल आलं. त्यांचे केस ओले होते.

"मी होडीत बसून बघते," त्यांनी आपणहून सांगितलं. "भरतीला एकदा, ओहोटीला एकदा. होडी कलली तर सही नाही."

"इथे? बोळात?"

"पाणी येतं," उपासनीबाई म्हणाल्या. आलंच. घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. होडी खाली ठेवली, उपासनीबाई तिच्यात जाऊन बसल्या. होडी डुलली, पण कलली नाही. त्यांनी सही केली. पाणी ओसरलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तोरसकर मॅडम, आता पुढे एकच टेबल राहिलंय. तुमचं."

"माहीत आहे मला," कुमुदताई म्हणाल्या. खरं तर त्यांनी तो विचार केलेला नव्हता, पण त्यामुळे त्या डगमगल्या नाहीत.

बोळ आता इतका आखडला होता की खांदे दोन्ही भिंतींना लागत होते. मागून होडी, होडीमागून माणसं, सगळी एकमेकांना चिकटून उभी होती. कुणाचा तरी श्वास कुमुदताईंच्या मानेवर येत होता. पुढे त्यांचं टेबल, टेबलामागे दार. त्या टेबलावरून सरपटत पलीकडे गेल्या, वळल्या आणि उभ्या राहिल्या. आता त्यांची पाठ दाराला होती आणि टेबल पोटात रुतत होतं.

हसीनाने त्यांच्याकडे पाहिलं. ती संकोचली होती, पण विचारल्यावाचून राहिली नाही.

"मॅडम, तुमची सही कशासाठी?"

बर्व्यांनी आपली काचेची मान पुढच्या माणसाच्या खांद्यावरून बाहेर काढली आणि ते पाहू लागले.

"उद्या ही होडी बुडाली," कुमुदताई म्हणाल्या, "तर लोकांनी कुणाला विचारायचं? केळुसकर म्हणतील मी फळ्या पाहिल्या. उपासनी म्हणतील मी तोल पाहिला. कुणीतरी असं पाहिजे ना, की ज्याला सगळंच विचारता येईल. ती मी. म्हणून माझी सही."

त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. हात होते तसेच होते, सावळे आणि भक्कम. त्यांनी सही केली.

दार मागच्या मागे उघडलं. बाहेर जेटी होती, ऊन होतं आणि खाडी काठोकाठ भरली होती. होडी टेबलावरून घसरत पाण्यात गेली. हसीना वल्हं घेऊन तिच्यात बसली तेव्हा तिच्या हालचालीत वय दिसलंच नाही. बिऱ्हाडं बाहेर पडली आणि आपापल्या घरांच्या दिशेने पांगली. पारदर्शक माणसं उन्हात जराशी चमकली आणि मग नेमकी कुठे उभी आहेत ते सांगता येईना. मागे इमारत नव्हती. केळुसकरांचं आणि उपासनीबाईंचं टेबल तेवढं जेटीवर उन्हात उभं होतं.

कुमुदताईंना बरं वाटलं. असं काम आयुष्यात कमी वेळा होतं. पलीकडच्या तीरावर वेळण्याची माणसं जमलेली दिसत होती. त्यांच्यात एका बाईला दोघींनी दोन्ही बाजूंनी धरलं होतं. होडी तिकडे पोचली, ती बाई जपून चढली, आणखी बरेच जण चढले, आणि होडी परत फिरली.

खाडीच्या मधोमध हसीनाने वल्हं थांबवलं. ती उभी राहिली, जेटीकडे तोंड केलं आणि तिने काहीतरी विचारलं.

वारा उलटा होता. कुमुदताईंना फक्त तिचे ओठ हलताना दिसले.

"काय?" त्यांनी ओरडून विचारलं. "परत सांगा!"

हसीनाने परत विचारलं. होडीतली सगळी माणसं आता उत्तरासाठी त्यांच्याकडे पाहत होती. होडी जागच्या जागी हळूहळू फिरू लागली होती.

ऊन डोळ्यांवर येत होतं. कुमुदताई जेटीच्या अगदी कडेला गेल्या आणि नीट दिसावं म्हणून त्यांनी कपाळावर हात आडवा धरला. ऊन कमी झालं नाही. हाताच्या आरपार होडी स्वच्छ दिसत होती.