एक जूनचा वार

प्रियदर्शनी नववीत होती तेव्हा, म्हणजे अठ्ठ्याऐंशी साली, जालना जिल्ह्यात वडीगोद्रीच्या अलीकडं असलेल्या तिच्या गावातल्या शाळेत दोन संगणक आले. बीबीसी मायक्रो म्हणायचे त्यांना. गणिताच्या भुजंग सरांनी ते एका खोलीत मांडले, खिडक्यांना पडदे लावले आणि सगळ्यांना चपला बाहेर काढायला लावल्या. मुलं खुर्च्यांवर बसत, मुली मागं सतरंजीवर.

"मुलींनी वहीत उतरून घ्यायचं," सर सांगत. "बटणांना हात नको."

तिनं दोन वर्षं उतरून घेतलं. आणि त्याच वहीच्या शेवटच्या पानांवर स्वतःचा एक प्रोग्राम लिहिला. तारीख द्यायची, त्यानं वार सांगायचा. त्याला कारण होतं. शाळेत तिची जन्मतारीख एक जून चौऱ्याहत्तर अशी लिहिलेली होती. वर्गातल्या निम्म्या पोरांची एक जूनच होती. आई, गोपिकाबाई, मात्र ठाम होती. "तू मंगळवारची. तुझा बाप बाजारला गेल्ता अन् तू झालीस." प्रियदर्शनीनं बोटांवर मोजून पाहिलं, तर एक जूनला शनिवार निघाला. तिनं सरांना सांगितलं.

"कागदावर आहे तेच खरं," सर म्हणाले. "तुझ्या मोजण्याला कोण विचारतं?"

संगणकानं सांगितलं तर विचारतील, असं तिला वाटलं होतं. पण प्रोग्राम वहीतच राहिला.

आता ती एक्कावन्न वर्षांची आहे. जुन्या जालन्यात राहते आणि एमआयडीसीतल्या एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात काम करते. या वर्षी वर्गातल्या राधाकिसननं सरांच्या सत्काराचं काढलं आणि ग्रुपवर विचारलं, "आपल्यापैकी संगणक कोणी कोणी चालवला होता? स्टेजवर बोलवायचंय." सगळी नावं मुलांची आली. तिनं लिहिलं, "मी प्रोग्राम लिहिला होता." त्यावर राधाकिसनचं उत्तर आलं, "तू तर खोली झाडायचीस." खाली हसरे चेहरे. अकरा होते, तिनं मोजले.

रविवारी सकाळी तिनं वही काढली, त्या चार पानांचे फोटो घेतले आणि लॅपटॉप उघडला. ऑफिसात पाकिटांवरच्या लेबलांची कामं ती, सांगितलेलं काम संगणकावर आपणच करणाऱ्या एआय एजंटकडून करून घेते, त्यामुळं त्याच्याशी कसं बोलायचं ते तिला माहीत होतं. जुना संगणक लॅपटॉपच्या पडद्यावर हुबेहूब चालवून दाखवणारं एम्युलेटर नावाचं सॉफ्टवेअर मिळतं, हेही तिनं शोधून काढलं होतं. तिनं एजंटला सांगितलं, "बीबीसी मायक्रोचं एम्युलेटर चालू कर आणि या पानांवरचा प्रोग्राम त्यात ओळीनं टाईप कर."

काळा पडदा उघडला. पांढरी अक्षरं आपोआप उमटू लागली, कोणीतरी न दिसणारं समोर बसून बटणं दाबतंय अशी. तिच्या ओळी होत्या त्या. ती खुर्चीत पुढं सरकली.

थोड्या वेळानं एजंटनं कळवलं, "प्रोग्राम चालतो आहे. तुमच्या हिशेबात चूक होती. १५ ऑगस्ट १९४७ला शुक्रवार होता, तुमचा प्रोग्राम शनिवार सांगत होता. मी तो भाग काढून प्रचलित सूत्र घातलं आहे. आता उत्तर बरोबर येतं."

तिला राग आला. सदतीस वर्षांनी परत कोणीतरी तेच सांगत होतं.

"तुझं सूत्र काढ," तिनं लिहिलं. "माझ्या ओळी होत्या तशा ठेव."

"मग उत्तर एक दिवसानं चुकेल."

"चुकू दे. आधी ठेव."

त्यानं ठेवल्या. ती वही मांडीवर घेऊन पडद्यावरची एकेक ओळ बोट ठेवून ताडून बघत बसली. साठ नंबरच्या ओळीशी थांबली. पडद्यावर बेरजेत नऊ होते. वहीत तिथं मराठी १ होता. आकडे इंग्रजीत लिहिता लिहिता एके ठिकाणी हाताला सवयीचा मराठी एक आला होता आणि एजंटनं तो इंग्रजी नऊ वाचला होता. आठ जास्त, म्हणजे आठवड्याचे सात सोडले तर बरोबर एक दिवस पुढं.

"साठव्या ओळीत एक आहे, नऊ न्हाई," तिनं लिहिलं. "हिशेब माझा बराबर आहे. वाचायला तू चुकलास."

"तुम्ही बरोबर आहात," एजंटनं लिहिलं. "मी अंक चुकीचा वाचला आणि तुम्हाला न विचारता तुमच्या ओळी बदलल्या."

नऊचा एक केल्यावर १५ ऑगस्टला शुक्रवार आला. मग एक जून चौऱ्याहत्तर ही तारीख तिनं त्याला टाकू दिली नाही. स्वतः टाईप केली. शनिवार.

सत्काराच्या दिवशी ती कोणी न बोलावता स्टेजवर गेली आणि टेबलावर लॅपटॉप ठेवला. राधाकिसन माईक सोडून आला. "अगं, भाषणं होऊन राह्यली ना."

"होऊ दे. सरांना एक दाखवायचंय."

भुजंग सर आता ऐंशीच्या घरात. चष्मा पुसून त्यांनी पडद्यावरची एक जून आणि तिच्यापुढचा शनिवार पाहिला, मग वही पाहिली. वहीवरचं नाव त्यांनी दोनदा वाचलं.

"आई मला मंगळवारची म्हणायची, सर," ती म्हणाली.

"म्हणजे शाळेत लिहिलेली तुझी तारीख चूक," ते म्हणाले.

"हो सर."

"तेव्हा सांगायचंस."

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, तुझ्या मोजण्याला कोण विचारतं."

सरांनी ते नाकारलं नाही. लॅपटॉपपुढची आपली खुर्ची त्यांनी तिच्याकडं सरकवली. ती बसली.

समोरच्या रांगेतून बेबीनंदा उठून आली. तीही त्याच सतरंजीवरची. "माझी बी एक जूनच लावलीय. माझा खरा दिवस सांगंल का हे?"

"खरी तारीख ठाऊक आहे?"

"तारीख न्हाई. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मी, एवढंच."

प्रियदर्शनीनं मान हलवली. "पोळा याला कळत न्हाई. त्यासाठी अमावास्या मोजावी लागंल. नवा प्रोग्राम लिहावा लागंल."

"मंग लिही."

"जल्दी आटपा," राधाकिसन मागून म्हणाला, "पाहुणे खोळंबलेत."

"खोळंबू दे," ती म्हणाली आणि पडदा कोरा करून दहा नंबरची, म्हणजे पहिली, ओळ टाईप करायला लागली.