अप्पारावांच्या गॅरेजातलं मीटर

रखमाजीनं रबरी फुगा दोनदा दाबला आणि मीटरवरच्या प्लॅस्टिकची सुटी धूळ उडवून लावली. मग एक डोळा मिटून, मान तिरकी करून तो उजेडाच्या अंगानं त्या प्लॅस्टिककडे बघत राहिला. गाडीच्या आधीच्या मालकानं तिथं कसलंसं स्टिकर चिकटवलं होतं. स्टिकर निघालं, पण डिंक तसाच राहिला. त्यावर हायवेची धूळ बसून साठपासून शंभरपर्यंतचे आकडे झाकले गेले होते.

"कशानं पुसलं का हे?" त्यानं विचारलं.

"नाही. बोटसुद्धा लावलं नाही," दाराला टेकून उभी असलेली मुलगी म्हणाली. पंचविशीची असेल. अंबडला पाटबंधारे खात्यात इंजिनियर आहे आणि गाडी महिन्यापूर्वीच घेतली, एवढं तिनं आल्याआल्या सांगितलं होतं.

"बरं केलं. लोक रॉकेल लावतात, थिनर लावतात. डिंक निघतो, पण वरचं कोटिंग बी जातं. मंग उन्हात आकडा दिसत न्हाई, नुसती चमक."

"बाबांनी हेच सांगितलं. म्हणाले, वडीगोद्रीला हायवेवर रखमाजीचं दुकान आहे. त्याच्याशिवाय कुणाला हात लावू देऊ नकोस."

रखमाजीला बरं वाटलं. औरंगाबादेपासून बीडपर्यंतचे गाडीवाले त्याच्याकडे येत, पण आपलं नाव कुणी असं घेतलेलं ऐकलं की त्याला अजूनही हुरूप येई. कोमट पाण्यात त्यानं मऊ सुती फडकं बुडवलं, साबणाचा एक थेंब टाकला.

"कोण तुमचे वडील? गाव कोणतं?"

"आष्टी. तातेराव खरात. मी बेबीनंदा, त्यांची मुलगी. तुम्ही दोघं जालन्याला एकाच गॅरेजात होतात ना?"

फडक्यातून पाणी गळून रखमाजीच्या गुडघ्यावर पडलं. त्यानं फडकं बादलीवर धरून पिळलं. मग एकही थेंब उरला नव्हता तरी पुन्हा पिळलं.

"व्हय," तो म्हणाला. "होतो."

त्या गोष्टीला चौदा वर्षं झाली होती. अप्पारावांच्या गॅरेजात तातेराव मीटर आणि वायरिंगचं काम बघायचा. त्याच्यासारखा हात अख्ख्या जालन्यात कुणाचा नव्हता. रखमाजी तेव्हा बाहेरून बॉडी घासायचा, पॉलिश मारायचा. दुपारी डबा खाताना तातेराव त्याला सहज बोलता बोलता शिकवायचा. प्लॅस्टिक कोरडं पुसायचं नाही, धूळच त्याला ओरखडते. हात गोल फिरवायचा नाही, सरळ एका दिशेनं न्यायचा. आणि कोटिंग असलेल्या प्लॅस्टिकला पॉलिश कधीच लावायचं नाही, कितीही हौस आली तरी.

अप्पारावांचं बडं गिऱ्हाईक असलेल्या काकासाहेबांनी त्या वर्षी परदेशी गाडी आणली होती. हिरव्या उजेडात आकडे उमटणारं तिचं मीटर बघायला आसपासचे दुकानदार गॅरेजात डोकावून जात. गाडी दोन दिवस वायरिंगसाठी उभी होती. मीटरच्या प्लॅस्टिकवर एक बारीक चरोटी होती, नखाएवढा ओरखडा. तातेराव वायर आणायला बाजारात गेला, तेव्हा जाता जाता म्हणाला होता, "त्या चरोटीच्या नादी लागू नको, रखमाजी. प्लॅस्टिकवर कोटिंग हाय."

रखमाजी नादी लागला. काकासाहेबांनी खूश होऊन आपलं नाव विचारावं, एवढंच त्याच्या मनात होतं. बोटावर पॉलिशचं लाल कंपाउंड घेतलं आणि घासलं. चरोटी गेली. तिच्या जागी रॉकेल सांडल्यावर पाण्यावर उमटतो तसला रंगीबेरंगी डाग पसरला, बशीएवढा. तो जितका पुसला तितका वाढत गेला.

काकासाहेब आले तेव्हा तातेराव बाजारातून परतला होता. अप्पारावांनी डाग पाहिला, वळले आणि थेट तातेरावाकडे बघून ओरडले. मीटर तू बघतोस ना, मग दुसरं कोण? बाकीचं ते जे बोलले त्यात तातेरावाची जातसुद्धा आली. रखमाजी चार हातांवर उभा होता, हात पाठीमागे घेऊन. तातेरावानं एकदा त्याच्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं, दुसरं काही नाही. मग खुंटीवरची पिशवी काढली, डबा घेतला आणि तो निघून गेला.

रखमाजीच्या तोंडून तेव्हा शब्द फुटला नाही. दुसऱ्या दिवशी बोलू, असं त्यानं ठरवलं. त्या दुसऱ्या दिवशी अप्पारावांनी मीटरचं काम त्याच्याकडे दिलं.

"बाबांच्या हातून तिथं एका गाडीचं मीटर खराब झालं होतं," बेबीनंदा म्हणाली. "मी सहावीत होते. त्यांनी घरी येऊन आम्हाला सगळं सांगितलं. कुठं चुकलं, कसं चुकलं."

रखमाजीचा हात प्लॅस्टिकवर थांबला.

"त्यांनी सांगितलं?"

"हो. पुढे आष्टीला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकलं. माझं गणित चुकलं की मी रडायचे. तेव्हा म्हणायचे, माझं तर अख्खं मीटर चुकलं, मी रडलो का? चूक मान्य करायची आणि पुन्हा करायची नाही." ती हसली. "आमच्या घरात त्या मीटरचं नाव निघालं नाही असा महिना गेला नसेल."

रखमाजीनं ओलं फडकं डिंकावर दाबून धरलं. डिंक मऊ व्हायला वेळ लागतो, घाई करून चालत नाही.

"त्यांना घेऊन या की एकदा," तो म्हणाला.

"शुगरनं नजर गेली त्यांची. दोन वर्षं झाली. बाहेर फारसे पडत नाहीत."

त्यानं अर्धा तास काम केलं. डिंक थोडा थोडा उचलला, दर वेळी फडक्याची नवी बाजू घेतली, हात डावीकडून उजवीकडे सरळ नेला. शेवटी स्वच्छ पाण्यात पिळलेल्या फडक्यानं टिपून घेतलं. आकडे लख्ख दिसू लागले. एका कोपऱ्यात केसासारखी रेघ राहिली होती.

"ही नाही का निघणार?"

"निघल. पण तिच्यासंगं कोटिंग बी निघल. राहू द्या तिला."

रविवारी सकाळी रखमाजी एस.टी.नं आष्टीला गेला. स्टँडवर त्यानं रेडिओवाल्या तातेरावांचं घर विचारलं, तेव्हा एका म्हातारीनं त्याला अर्ध्या रस्त्यापर्यंत आणून सोडलं. बौद्धवाड्यातल्या त्या घराला समोर ओटा होता. ओट्यावर तातेराव मांडीत उघडा रेडिओ घेऊन बसला होता. केस पांढरे झाले होते, पण बोटं तीच. ती आतल्या वायरी एकेक करून चाचपत होती.

"रामराम, तातेराव."

बोटं थांबली.

"जय भीम," तातेराव म्हणाला. मग थोड्या वेळानं, "ये रखमाजी. बस."

रखमाजी ओट्याच्या कडेला बसला. सगळी वाट एस.टी.त त्यानं जे जुळवलं होतं त्यातलं काहीच आता आठवेना.

"ते मीटर म्या घासल्तं," तो म्हणाला.

"ठाऊक हाय की. तुझ्या बोटाला लाल कंपाउंड होतं. तू हात मागं घेतलास ना, तवाच दिसलं." तातेरावानं रेडिओ बाजूला ठेवला. "अप्पारावला बी दिसलं असंल. त्याला बघायचंच नव्हतं."

"मंग तू बोलला का न्हाईस?"

"माझं कोणी ऐकलं असतं?" तातेरावाच्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते बोलणं रखमाजीला जास्त लागलं. "तुझं ऐकलं असतं."

समोरून एक बैलगाडी गेली.

"चार-पाच वर्षं वाट पाह्यली तुझी," तातेराव म्हणाला. "आष्टीच्या बाजाराला आला म्हंजी येशील, वाटायचं. मंग सोडून दिलं."

"बाजाराला आल्तो मी," रखमाजी म्हणाला. "लई डाव आल्तो. तुझं दुकान लांबून पाहून गेल्तो."

तातेरावानं बाजूचा रेडिओ चाचपून आणखी आत सरकवला.

"पोरीला आत्ता सांगतो. घरात हाय ना ती?" रखमाजीनं विचारलं.

"न्हाई."

"घरात न्हाई?"

"घरात हाय. सांगायचं न्हाई." तातेरावानं अंदाजानं हात पुढे केला आणि रखमाजीचं मनगट धरलं. "अकरा वर्षांची होती तवा. घरी आलो तर दारातच विचारलं तिनं, बाबा, काम का गेलं? काय सांगू मी तिला? बाबानं काय बी केलं नव्हतं, त्याला कोणी काय इचारलं बी न्हाई, तरी हाकललं, हे सांगू? आरं, मंग तिनं पुस्तक कशाला उघडलं असतं? बराबर केलं तरी हाकलतातच, मंग बराबर कशापायी करायचं? म्हणून म्हणलं, चूक माझी. चुकलं तर माणसाला सुधारता येतं, एवढं तरी तिला वाटू दे."

"आता तर ती मोठी झाली."

"साहेब झाली. तिच्या हापिसात बी माणसं हायेत, तिला रोज काय काय दिसत असंल. पण बापाचं ते तसंच राहू दे. तुला मोकळं व्हायचं म्हणून तिचं कशाला मोडतो?"

रखमाजीचं मनगट अजून त्याच्या हातात होतं. ते सोडवून घ्यावंसं त्याला वाटलं नाही.

पायातल्या चपलांचा आवाज झाला. बेबीनंदा चहाचे दोन कप घेऊन बाहेर आली. रखमाजीला बघून तिचा चेहरा उजळला.

"काका! तुम्ही इथं? बाबा, मीटर किती छान केलंय म्हणून सांगू तुम्हाला." तिनं कप ओट्यावर ठेवले आणि बापाच्या खांद्यावर हात टेकून उभी राहिली. "बरं झालं आलात. तुम्हीच सांगा यांना. इतकी वर्षं झाली, तरी ते जालन्याचं मीटर मनातून जात नाही यांच्या. तुम्ही तर तिथंच होतात."

रखमाजीनं तातेरावाकडे पाहिलं. तातेराव रस्त्याकडे तोंड करून बसला होता. त्याचा हात आता आपल्याच मांडीवर होता.

"व्हय, तिथंच होतो," रखमाजी म्हणाला. आपला आवाज त्याला परका वाटला. "होतं, ताई. एवढा मोठा कारागीर, पण एखाद्या डावाला त्याच्या बी हातून होतं."

"ऐकलंत ना, बाबा?"

तातेरावानं मान हलवली. मग ओट्यावर चाचपून त्यानं एक कप शोधला आणि तो हळूच रखमाजीच्या बाजूला सरकवला.

"घे," तो म्हणाला. "निवून जाईल."